अडचणीच्या दिवसाचा सौदा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि गहाणखतांवर. जी हाती लागली ती त्यांनी जाळून टाकली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत हे लोण पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. इतके शाळेच्या पुस्तकात असते. आयोगाने नोंदवलेली एक गोष्ट मात्र सहसा तिथवर पोहोचत नाही. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे त्या काळचे अनेक साहेब आणि शहरी शहाणे ठासून सांगत. आयोगाने गावोगावची कर्जे तपासली आणि या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेल्याचे म्हटले. लग्ने क्वचित निघतात. कर्ज फुगते ते धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या किरकोळ गरजांसाठी केलेल्या उसनवारीने. या किरकोळ रकमांवरच सावकारी उभी होती, कारण त्या मागायला येणारा माणूस नेहमी घाईत असे आणि घाईतल्या माणसाला अटी वाचायला वेळ नसतो.

या पुस्तकाचा विषय त्या किरकोळ रकमांचा आहे. अनपेक्षित खर्चासाठी घराने वेगळा काढून ठेवलेला पैसा, म्हणजे घरची गंगाजळी, किती असावी, कशी जमवावी, कुठे ठेवावी आणि कधी मोडावी, याचा विचार पुढच्या प्रकरणांत आहे. या पैशाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा काटकसरीचे गुणगान करतो किंवा संकटाची भीती घालतो. मला दोन्ही गोष्टी विषयाला सोडून वाटतात. माझे म्हणणे असे, की सर्वसाधारण अडचणीत घराचे नुकसान त्या अडचणीच्या खर्चाने होते त्याहून अधिक, हाती रोकड नसल्यामुळे त्या दिवशी केलेल्या सौद्याने होते. कर्करोगासारखे दुखणे किंवा कमावत्या माणसाचा मृत्यू यांची गोष्ट निराळी. तिथे गंगाजळी पुरत नाही आणि ती पुरेल असे कुणी सांगू नये. पण मोटरसायकलचे इंजिन बसणे, चार दिवस दवाखान्यात पडणे, पगार दोन महिने लांबणे, पावसाने पत्रे उडणे, या खर्चांना सीमा असते. त्यांच्यासाठी घाईत काढलेल्या कर्जाला ती नसते. गंगाजळीचा उपयोग खर्च भागवण्यापुरता धरला तर ती फार लहान गोष्ट वाटते; वाईट सौद्याला नकार देण्याची ऐपत म्हणून पाहिले, की तिचा हिशेबच बदलतो.

असे सौदे आपल्या आसपास इतके रुळलेले आहेत, की ते सौदे आहेत हे लक्षातही येत नाही. सोयाबीनचे घ्या. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्र सरकारने क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता, आणि ऐन काढणीच्या दिवसांत मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक बाजार समित्यांत सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. दिवाळी तोंडावर, मळणीचे पैसे द्यायचे, कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायची, मुलाची फी थकलेली. अशा वेळी माल घरात ठेवून थांबण्याची ताकद फार थोड्यांत असते. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून नेमक्या याच दुखण्यावर आहे. गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायची आणि बाजार पाहून विकायचे. पुढे भाव वाढेलच असे नाही. अनेकदा तो वाढत नाही, आणि थांबलेला शेतकरी फसतोही. तरीही शासनाला अशी योजना आखावी लागली, कारण ‘आज विकावेच लागेल’ हे वाक्य भावापेक्षा जास्त महाग पडते हे व्यवहारात दिसत होते. ऊसतोडीच्या पट्ट्यात हेच ‘उचल’ या नावाने चालते. हंगामापूर्वी, घरात दाणापाणी संपत आलेले असताना मुकादमाकडून रक्कम घेतली जाते आणि नंतर कोयत्यावर फेडली जाते. कुठल्या कारखान्यावर जायचे, किती महिने राबायचे, मुलांची शाळा मध्येच सोडवायची का, हे सगळे त्या एका रकमेने ठरून जाते. शहरात त्याचे रूप सभ्य आहे. क्रेडिट कार्डाच्या बिलाची किमान रक्कम भरून बाकीची पुढे ढकलली, की अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचे झाले बेचाळीस टक्के, चक्रवाढ धरली तर त्याहून जास्त. महिना शेकडा पाचाने घेतलेल्या सावकारी पैशाला नावे ठेवणारे लोक हे बिल निमूटपणे भरतात.

मग प्रश्न येतो किती रकमेचा. इथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याच्या एका खेपेचा सरासरी खर्च ग्रामीण भागात १६,६७६ रुपये आणि शहरी भागात २६,४७५ रुपये आढळला. दुसरा आकडा करोनाकाळातला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिल्लकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असेल ती रक्कम परत न करण्याच्या अटीवर काढायची मुभा देण्यात आली. मे २०२१च्या अखेरपर्यंत ७६ लाखांहून अधिक दावे मंजूर झाले आणि १८,६०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर पडली. भागाकार केला तर एका दाव्यामागे साधारण साडेचोवीस हजार रुपये येतात. हे गरजेचे अचूक माप नाही, कारण वरची मर्यादा नियमानेच घातलेली होती आणि कमी पगाराच्या माणसाला कमीच मिळणार होते. रुग्णालयाच्या सरासरीतही मोठी बिले आणि सरकारी दवाखान्यातली नाममात्र बिले एकत्र मिसळलेली आहेत, शिवाय तो आकडा आता जुना झाला आहे. पण म्हातारपणासाठी राखलेल्या पैशाला हात घालून लाखो पगारदार घरांनी जी रक्कम उचलली ती सरासरी पंचवीस हजारांच्या आत होती, ही गोष्ट विचार करायला लावते. नोकरी करणारी, दरमहा कपात होणारी, कागदोपत्री बचत असलेली ही घरे. त्यांच्याकडे दुसरा, अलीकडचा कप्पा रिकामा होता किंवा लगेच रिकामा झाला.

म्हणून ‘तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा’ या सर्वत्र ऐकू येणाऱ्या सल्ल्याबद्दल मला थोडी तक्रार आहे. सल्ला चुकीचा नाही. तो महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार होणाऱ्या आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला काही महिने लागणाऱ्या माणसाला समोर ठेवून तयार झालेला आहे. पुण्याच्या आयटी कंपनीतल्या माणसाला तो लागू आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या मराठी अभियंत्याला तर तो कमीच पडेल. नोकरी सुटल्यावर नवा मालक मिळवायला किंवा देश सोडायला त्याला साधारण ६० दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत घरभाडे, विमा व परतीची तिकिटे सगळेच अंगावर येते. सरकारी शिक्षकाला नोकरी जाण्याची भीती जवळपास नाही. त्याची गंगाजळी दुखण्यासाठी आणि घरदुरुस्तीसाठी, म्हणून ती लहान असली तरी चालते. रिक्षाचालकाचे उत्पन्न आणि उत्पन्नाचे साधन एकाच वेळी बंद पडते, त्यामुळे त्याला रिक्षाच्या दुरुस्तीचा आणि दुरुस्ती चालू असतानाच्या घरखर्चाचा, असा दुहेरी हिशेब करावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याला तर ‘महिन्याचा खर्च’ हे एककच लागू पडत नाही. त्याचे वर्ष पेरणी ते काढणी असे मोजावे लागते. महिन्याला वीस हजारांत घर चालवणाऱ्या बाईला सव्वा लाख बाजूला ठेवायला सांगितले, की ती ऐकून घेते आणि सोडून देते. तिला पाच हजारांचे पहिले, पंचवीस हजारांचे दुसरे ठिकाण दाखवले तर ती हिशेब मांडते. वर उल्लेखलेल्या आकड्यांवरून असे दिसते, की घाईच्या सौद्यांपैकी बरेचसे याच टप्प्यात टळू शकतात. पहिल्या पंचवीस हजारांचे मोल नंतरच्या लाखापेक्षा जास्त आहे, आणि पैशाच्या बाबतीत असे फार थोड्या वेळा म्हणता येते.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप सरळ आहे: उरतच नाही, तर ठेवायचे काय? हा आक्षेप करणाऱ्याला खोटे ठरवण्याची घाई करू नये. पण गरीब घरे बचत करत नाहीत ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशाच्या नोंदी सुमारे वर्षभर ठेवून एका संशोधक गटाने २००९ मध्ये ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक लिहिले. त्यात आढळले ते असे, की अगदी हातावर पोट असणारी घरेही एकाच वेळी अनेक मार्गांनी पैसे बाजूला टाकत, उसने देत, उसने घेत होती. त्यांची अडचण कमी उत्पन्नाची तर होतीच, शिवाय उत्पन्न कधी येईल याचा नेम नव्हता आणि पैसा सुरक्षित ठेवायला सोय नव्हती. त्या गटातल्या स्टुअर्ट रदरफर्ड यांनी त्याआधी विजयवाड्याच्या झोपडपट्टीतल्या एका वसुली करणाऱ्या बाईची पद्धत नोंदवून ठेवली आहे. ती घरोघरी जाऊन पाच पाच रुपये गोळा करी. अशा २२० खेपांनी १,१०० रुपये जमले की १,००० परत देई आणि १०० स्वतःचा मेहनताना म्हणून ठेवी. बायका बचत करण्यासाठी पदरचे पैसे मोजत होत्या. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला हा वेडेपणा वाटेल. पण कुणीतरी रोज दारात येऊन पैसा नेणे, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती न लागणे, या सेवेला त्या बायका दाम देत होत्या. आपल्याकडे पिग्मी बचत योजनेला हेच गमक सापडले होते. डॉ. टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, १९२८ साली रोजच्या दोन आण्यांपासून ही योजना सुरू केली, आणि आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मी एजंट मशीन घेऊन भाजीवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत फिरताना दिसतो. महिन्याच्या शेवटी उरेल ते ठेवू, असे म्हणणाऱ्या पगारदारापेक्षा रोज वीस रुपये देणारा पानटपरीवाला या बाबतीत जास्त शास्त्रशुद्ध वागतो.

तरीही काही घरे अशी राहतात, की जिथे खरोखरच उरत नाही. तिथे उपदेश करणे हे १८७५च्या साहेबांच्या पंगतीला बसणे होय. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला आणि २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्याच शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या एकदा ऊस जाण्याआधीच्या तंगीच्या काळात आणि एकदा पैसे हाती आल्यावर घेतल्या, तेव्हा आधीची कामगिरी नंतरच्या मानाने खालावलेली निघाली. माणसे तीच, शिक्षण तेच. तंगी डोक्यातली जागाच व्यापते आणि पुढचे पाहायला जागा उरत नाही, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्याला बचतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडे ती आखायला लागणारी उसंत सर्वांत कमी. गंगाजळीचा आग्रह धरताना शासनाला मोकळे सोडता येत नाही ते यामुळे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या आसपास होता, तो राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ पर्यंत ३९ टक्क्यांवर आला. ही घट झाली नसती तर कितीतरी घरांच्या डब्यांत आज आहे तेही नसते. आणि तेव्हाही शंभरातले ३९ रुपये रुग्णच भरत होता.

विमा आहे, मग वेगळा पैसा कशाला, असे विचारणारे आता वाढले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच पाच लाखांपर्यंत नेले गेले, ही मोठी गोष्ट आहे. पण ती योजना अंगीकृत रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांसाठी चालते. तालुक्याहून जिल्ह्याला नेणारी गाडी, सोबतच्या माणसाचे जेवण, तपासण्यांचे पहिले दोन दिवस, घरी आल्यावरची महिनाभराची औषधे आणि बुडालेली मजुरी यांचे बिल कुणी भरत नाही. खासगी विम्यात कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत अनामत भरा म्हणणारे काउंटर असते. विमा मोठ्या बिलासाठी आहे आणि गंगाजळी त्या बिलापर्यंत पोहोचण्यासाठी. एकाला दुसऱ्याच्या जागी वापरायला गेले की दोन्ही अपुरे पडतात. सोन्याचे तसेच. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून आपल्या घरांत सोने घेतले जाते आणि ते उपयोगी पडतेही. मात्र विकताना घडणावळ परत मिळत नाही, घट धरली जाते, गहाण ठेवले तर व्याज चालू होते. शिवाय पाटल्या मोडायचा निर्णय ज्या बाईच्या हातात त्या आहेत तिला बहुधा सगळ्यांत शेवटी विचारला जातो. दहा हजारांच्या गरजेसाठी दोन तोळे बाहेर काढणे हा पुन्हा घाईचाच सौदा झाला. नातेवाइकांकडून हातउसने घेण्याला व्याज नसते, एवढे खरे. त्याची परतफेड कशाकशात होते, हे मराठी घरांना सांगायला नको.

पडून राहिलेला पैसा महागाई खाते, हा आक्षेप शिकलेल्या लोकांचा आवडता आहे, आणि तो गणिताने तपासता येतो. तीस हजार रुपये बचत खात्यात तीन टक्क्यांनी ठेवले आणि मुदत ठेवीत सात टक्के मिळाले असते असे धरले, तर वर्षाचे नुकसान १,२०० रुपये. तेच तीस हजार अडचणीच्या दिवशी शेकडा पाचाने घेतले तर एका महिन्याचे व्याज १,५०० रुपये. वर्षभराचा तोटा एका महिन्याच्या सावकारी व्याजापेक्षा कमी आहे. शेअर बाजाराशी तुलना करणाऱ्यांनी मार्च २०२० आठवावा: नोकऱ्या आणि बाजार एकाच महिन्यात कोसळले होते, आणि ज्यांना तेव्हा युनिटे विकावी लागली त्यांनी वर्षानुवर्षांचा परतावा एका आठवड्यात गमावला. गंगाजळीकडून परतावा मागणे म्हणजे घराच्या जिन्याकडून भाडे मागण्यासारखे आहे. अर्थात याचा अर्थ दहा लाख बचत खात्यात कुजवावेत असा होत नाही. पहिला हिस्सा लगेच काढता येईल असा, पुढचा मुदत ठेवीत, जी मोडली तर अर्धा-एक टक्का दंड बसेल एवढेच. इतकी विभागणी पुरते. हात आधीच व्याजाच्या कर्जात अडकला असेल तर काय करावे, हा प्रश्न इथेच निघतो. माझे मत असे, की पाच-दहा हजारांचा पहिला टप्पा कर्ज असतानाही गाठावा आणि मग सगळा जोर महागड्या कर्जावर लावावा. आधी सगळे कर्ज फेडून मग बचत, हा क्रम कागदावर बरोबर दिसतो. पण मध्येच दुखणे आले की फेडलेले कर्ज पुन्हा जास्त दराने घेतले जाते.

कुठे ठेवायचे हा भाग सल्लागार बहुधा दोन ओळींत उरकतात. महाराष्ट्राच्या अनुभवाला तो तसा उरकता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा डाळीच्या डब्यांत आणि लुगड्यांच्या घड्यांत बायकांनी वर्षानुवर्षे जपलेला पैसा सगळ्यांसमोर बाहेर काढावा लागला. नोटा बदलून मिळाल्या, गुप्तता परत मिळाली नाही, आणि त्या पैशाची ताकद बरीचशी गुप्ततेतच होती. बँकेत ठेवावा तर २३ सप्टेंबर २०१९ चा दिवस आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगितले गेले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनही झाली; पण ज्यांचा आकस्मिक खर्चाचा पैसा तिथे होता त्यांच्या दृष्टीने तो नेमका गरजेच्या दिवशी नव्हता. पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाल्यानंतर १९६२ पासून देशात ठेव विमा आला. तेव्हाची हमी १,५०० रुपयांची होती. १९९३ मध्ये ती एक लाख आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन घातले. नव्वद दिवस हे पूर्वीच्या अनिश्चिततेपेक्षा खूप बरे; मात्र अपेंडिक्सचे ऑपरेशन नव्वद दिवस थांबत नाही. म्हणून एवढा एकच पैसा तरी दोन ठिकाणी असावा, आणि दोन्ही ठिकाणे एकाच संस्थेची नसावीत. नागरी सहकारी बँकांना हा विमा आहे. सहकारी पतसंस्थांना या ठेव विम्याचे छत्र नाही, हे पिग्मी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही. दारात येऊन वीस रुपये नेणारे दुसरे कोण आहे? पिग्मीने जमवावे आणि ठरावीक रक्कम झाली की ती पोस्टात किंवा बँकेत हलवावी, एवढीच सूचना.

राहिला प्रश्न हा पैसा कुणाच्या हातात असावा याचा. घराचा पैसा म्हटले की तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या खात्यात, असे गृहीत धरून बरेचसे लेखन होते. बचत गटांनी ते गृहीतक मोडले. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने हजारो गट बांधले, आणि महिन्याला शंभर-दोनशे रुपये जमवणाऱ्या बायका एकमेकींना अंतर्गत कर्ज देऊ लागल्या. बहुतेक गटांत ते शेकडा दोनच्या आसपास असते. वर्षाला चोवीस टक्के म्हणजे स्वस्त नव्हेच, पण ते व्याज गटातच राहते आणि वाटणीत परत येते. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये उभ्या राहिलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवाना आधी नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या साक्षर झाल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. एवढा खटाटोप कशासाठी, तर पैशावर आपले नाव असावे यासाठी. गंगाजळी घराची असली तरी ती मोडण्याचा अधिकार निदान दोघांचा असावा आणि मोडण्याची कारणे आधी ठरलेली असावीत, असे मी सुचवीन. भाच्याचे लग्न, नवा मोबाइल, गावच्या जत्रेची वर्गणी हे खर्च येणार हे माहीत असते. त्यांना आकस्मिक म्हणणे ही पळवाट आहे, आणि ती सगळेच काढतात. गाडीचा विमा, दिवाळी, शाळेची फी यांचाही वेगळा कप्पा करावा. नाहीतर वर्षातून तीनदा गंगाजळी रिकामी होते आणि चौथ्या वेळी, जेव्हा खरेच कुणी जिन्यावरून पडते, तेव्हा तिथे काही नसते.

पुस्तकाची पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची सक्ती नाही. ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांनी शेतकरी आणि रोजंदारीवरचे प्रकरण आधी काढावे, पगारदारांनी कर्जफेडीचे. ठेवी कुठे ठेवाव्यात ते मात्र सगळ्यांनी वाचावे. त्याआधी एक काम करावे, आणि ते एकट्याने करू नये. घरातल्या सगळ्यांना बसवून मागच्या बारा महिन्यांत न ठरवता झालेले खर्च एका कागदावर लिहावेत: रक्कम, महिना, आणि तो पैसा कुठून आणला. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे यावरून घरात वाद होईल, कारण काही उसनवाऱ्या आजवर सगळ्यांना ठाऊक नसतील. तो वाद होऊ द्यावा. कागद पूर्ण झाला, की त्यातली सर्वांत मोठी रक्कम बाजूला ठेवून उरलेल्यांची बेरीज करावी. तुमच्या घराचा पहिला आकडा तोच आहे, माझा पंचवीस हजारांचा नव्हे.